ससाणा रागावलेला नसतो

नमस्कार श्रोतेहो.

लाकडातून पक्षी कोरणाऱ्याला शिकारी पक्ष्याची ओढ कधी ना कधी लागतेच. बदक होतं, खंड्या होतो आणि मग हात ससाण्याकडे वळतो. शिकारी पक्षी म्हणजे उग्रच असायला हवा, असं आपण धरून चालतो. मग भुवया आवळल्या जातात, चोच उघडली जाते, पंख उगारले जातात. पाहणारा ‘वा’ म्हणतोही. पण कड्यावर बसलेला ससाणा ज्याने दुर्बिणीतून तास-तासभर पाहिला आहे, त्याला हा पक्षी ओळखीचा वाटत नाही. ससाण्याचा दिवसातला मोठा वेळ नुसतं बसण्यात जातो. पिसं सैल, एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, मान किंचित वळलेली. माझं म्हणणं असं की कोरायचा तर हा पक्षी कोरावा. तो अधिक खरा असतो आणि कोरायला अधिक अवघडही असतो, कारण त्यात लपायला जागाच नसते.

उदाहरणासाठी आज बहिरी ससाणा घेऊ. शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांवर हाडाची एक कड पुढे आलेली असते. तिच्यामुळे डोळ्यावर सावली पडते आणि आपल्याला तो राग वाटतो. गरुडात ही कड ठळक असते. ससाण्यात ती बरीच सौम्य असते आणि डोळा गडद तपकिरी, जवळजवळ काळा दिसणारा. शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या पिवळ्या किंवा लालसर डोळ्यांतला भेदकपणा इथे नसतो. त्यामुळे गरुडाची भुवई ससाण्याला लावली की पक्षी बिघडला म्हणून समजा. पुढे पिसं कितीही बारीक काढली तरी तो सावरत नाही.

म्हणून लाकडाला हात लावण्याआधी काही गोष्टी ठरवून टाकायच्या. नर की मादी? शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असते. बहिरी ससाण्याची लांबी ३४ ते ५८ सेंटीमीटरपर्यंत मिळते, तेव्हा कुठलीही मापं कशालाही जोडून चालत नाही. प्रौढ की पिल्लूपण सरलेला कोवळा पक्षी? प्रौढाची पाठ निळसर करडी आणि छाती-पोटावर आडव्या रेघा असतात. कोवळ्याची पाठ तपकिरी आणि छातीवर उभे फराटे. कोवळ्याच्या चोचीच्या मुळाशी असलेली उघडी त्वचा निळसर असते, प्रौढाची पिवळी. दोन वेगळ्या वयांचे फोटो समोर ठेवून काम केलं तर कुठेच अस्तित्वात नसलेला पक्षी तयार होतो. संग्रहालयात जतन केलेले नमुने मोजायला मिळाले तर फार उत्तम. मात्र शिकारी पक्ष्यांची गळालेली पिसंही जवळ बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा.

आता लाकूड. मऊ पण बारीक, एकसारख्या रेषांचं, वाळलेलं आणि बिनगाठीचं हवं. जगभर या कामाला बासवुड आणि ट्युपेलो ही मऊ लाकडं वापरतात. शिवणीचं लाकूडही कोरायला चांगलं. साग कितीही भरवशाचा असला तरी या कामाला मी तो घेणार नाही. त्याची छिद्रं मोठी असतात, बारीक रेघ तिथे अडखळते आणि हत्याराची धारही लवकर जाते.

ठोकळ्यावर बाजूचा आणि वरचा असे दोन आराखडे काढायचे आणि बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर, बाहेरचा भाग उडवायचा. लाकडाच्या रेषा डोक्याकडून शेपटीकडे जायला हव्यात, म्हणजे शेपटी आणि पंखांची टोकं मोडत नाहीत. मान वळलेली असेल तर डोकं वेगळ्या ठोकळ्यातून काढावं, त्याच्या रेषा चोचीच्या दिशेने ठेवून. आडव्या रेषांची चोच पॉलिशपेपरखालीसुद्धा तुटते. सांधा मानेवरच्या पिसांच्या एखाद्या ओळीच्या कडेला आणला की पुढे तो दिसत नाही. अंगावर मध्यरेषा काढायची आणि पटाशीखाली ती गेली की लगेच पुन्हा काढायची. तिचा कंटाळा केला तर पक्षी एका बाजूला सुजतो.

मानेबद्दल थोडं थांबून सांगतो. पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत. आपण मान न हलवता बाजूला पाहतो, ससाण्याला त्यासाठी डोकंच वळवावं लागतं. म्हणजे लाकडातल्या पक्ष्याची नजर तुम्ही मानेतून ठरवता, डोळा बसवण्याच्या कितीतरी आधी. डोकं थोडं वळलेलं असलं की तो काहीतरी पाहतो आहे असं वाटतं. अगदी सरळ ठेवलेलं डोकं फोटोसाठी उभं केल्यासारखं दिसतं. मान वळली की त्या बाजूची पिसं एकमेकांवर चढतात आणि दुसऱ्या बाजूची ताणली जातात. हे आकारातच यायला हवं.

देहाचा आकार पटाशीने, सुरीने किंवा फिरत्या यंत्राने उतरवला की काम थांबवा, डोळे मिटा आणि पक्ष्यावरून तळवा फिरवा. खांद्याचा उभार, छातीची गोलाई, पंखाखालून डोकावणाऱ्या मांडीच्या पिसांचा फुगीरपणा, सगळं बोटांना कळतं. डोळे तपशिलाला भुलतात, हाताला फक्त आकार समजतो. इथे समाधान होईपर्यंत एकही पीस आखू नये. या टप्प्यावरची घाई मला फार खटकते.

बसलेल्या बहिरी ससाण्याच्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकाजवळ पोचतात. खरुची या छोट्या ससाण्याची बरीच आधी थांबतात, शिक्र्याचा पंख तर आखूड आणि शेपटी लांब. एवढ्या एका मापावरून जाणकार दुरून पक्षी ओळखतो. ससाण्याच्या पंखात टोकाकडची मोठी पिसं दहा, त्यांत बाहेरून दुसरं सर्वांत लांब, आणि शेपटीत पिसं बारा. मिटलेल्या पंखात ती एकावर एक सरकून बसतात, म्हणून प्रत्येकाखालचं लाकूड थोडं पोखरून काढायचं, तरच कडेची सावली पडते. काही कारागीर ही मोठी पिसं वेगळी कोरून खाचेत बसवतात. पंख उघडा असेल तर ते योग्यच, बसलेल्या पक्ष्याला मला त्याची गरज वाटत नाही.

डोळे काचेचे. खोबण दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आणि सारख्या खोलीवर आहे का, हे समोरून आणि वरूनही तपासा. डोळा एपॉक्सी पुटीत, म्हणजे दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या लुकणात, बसवा आणि पुटीच्या अगदी बारीक वळीची पापणी करा. डोळा जास्त बाहेर आला तर पक्षी दचकलेला दिसतो, जास्त आत गेला तर आजारी. वरची पापणी किंचित खाली आणली की तो निवांत होतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. ससाण्याच्या वरच्या चोचीला कडेशी एक दाता असतो. भक्ष्याच्या मानेचे मणके तोडायला तो उपयोगी पडतो. शिक्र्याला तसा दाता नसतो. ससाण्याची नाकपुडी गोल आणि मध्ये एक छोटा कोंब. हे दोन्ही चोच पातळ करण्याआधी आखून ठेवा.

आता पिसांचे तंतू. पाठीवरची आणि पंखांची घट्ट पिसं तापणाऱ्या लेखणीने, म्हणजे लाकडावर रेघ जाळणाऱ्या विजेच्या हत्याराने, काढतात. आधी मधली दांडी, मग तिच्यापासून कडेकडे वळत जाणारे तंतू. उत्तम कामात सेंटीमीटरला तीस-चाळीस रेघा असतात. पिसांच्या ओळी घ्यायच्या शेपटीकडून डोक्याकडे येत, म्हणजे वरचं पीस खालच्यावर नीट चढतं. उष्णता कमी ठेवा. फार तापलेलं टोक लाकूड कोळसा करतं आणि तो कोळसा पुढे रंगात उतरतो. मधूनच एखाद्या पिसाला फट द्या, कुठे दोन पिसं थोडी विस्कटू द्या. पण छातीची पिसं मऊ असतात. तिथे लेखणीची रेघ कडक दिसते. बारीक दगडी टोकाच्या फिरत्या यंत्राने हलके चर काढले की छाती मऊ वाटते. हे दोन पोत वेगळे राखणं, या कामातलं मला सर्वांत प्रिय कौशल्य आहे.

यंत्राने कोरताना उडणारी भुकटी आणि लेखणीचा धूर, दोन्ही फुप्फुसात जातात. लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा ही चैन नव्हे.

पाय पितळी तारेच्या सांगाड्यावर पुटीने घडवता येतात. तीन बोटं पुढे, एक मागे, आणि मागच्या बोटाची नखी दणकट. बोटांनी फांदी खरोखर धरलेली दिसली पाहिजे, नुसती वर टेकलेली नको. एक पाय पिसांत असेल तर देहाचा तोल त्या एकाच पायावर येतो. म्हणून तारेचं टोक पायातून थेट फांदीत उतरवा आणि देह त्या पायाच्या बरोबर वर आणा.

रंगवण्याआधी जळका भुसा मऊ ब्रशने झाडा, लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा पातळ हात द्या, वर पाणी घालून सैल केलेल्या जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात. जाड जेसो एका हातात सगळे तंतू बुजवतो. रंग अ‍ॅक्रिलिक, पाण्यासारखा पातळ, थरावर थर. पाठीच्या करड्यासाठी तयार काळा वापरू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळून त्यात पांढरा घाला, करडा जिवंत येतो आणि कुठे निळा, कुठे तपकिरी झुकवता येतो. पिसाची कड फिकी, मध्य गडद. डोळ्याखालचा काळा पट्टा सुरीने कापल्यासारखा नको, त्याची कड पिसांत विरघळू द्या. चकाकी फक्त चोचीला आणि नख्यांना, तीही मंद. अंगावर वॉर्निश फिरवलं की पिसांचं पुन्हा लाकूड होतं.

शेवटी डोळ्यावर उडालेला रंग लाकडी काडीने खरवडून काच स्वच्छ करा. पक्षी थेट उन्हात किंवा दमट भिंतीला लागून ठेवू नका, लाकूड तडकतं. धूळ झाडायची ती मऊ ब्रशने, नेहमी डोक्याकडून शेपटीकडे.

नमस्कार.