ताबा सुटला तो कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

'चालकाचा ताबा सुटल्याने गाडी झाडावर आदळली.' हे वाक्य आपण पेपरात इतक्या वेळा वाचलंय की डोळे त्यावर थांबतही नाहीत. पंचनाम्याची शाई वाळायच्या आत ते छापून येतं. चालक वाचला तर त्याच्यावर गुन्हा, गेला तर विषयच संपला. त्याचा ताबा सुटायच्या आधी गाडीनंच दगा दिला असेल का, हे सहसा कुणी विचारत नाही. आज तेच विचारू. त्यासाठी अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो, कारण गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या पोटातले कागद इतके उघड्यावर क्वचितच आलेत.

2004 साल. टेक्सासमध्ये एक तरुणी जनरल मोटर्स कंपनीची 'सॅटर्न आयन' नावाची गाडी चालवत होती, सोबत तिचा होणारा नवरा. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. एअरबॅग उघडल्या नाहीत. तो गेला, ती वाचली. तिच्या रक्तात एका औषधाचा अंश सापडला, आणि सगळ्यांना कारण मिळालं. निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा तिनं कोर्टात कबूल केला. पुढे नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायाधीशांनी तो गुन्हा रद्द केला, कारण तिच्या अपघाताचा संबंध गाडीतल्या सदोष स्विचशी असल्याचं जनरल मोटर्सनं तेव्हा कुठे मान्य केलं होतं. चीड येते ती पुढच्या गोष्टीची. कंपनीनं तिच्या अपघाताची आपल्यापुरती तपासणी 2007 मध्येच केली होती, आणि बोट गाडीकडेच वळलं होतं. तिची कबुली त्यानंतर काही महिन्यांनी झाली. तिला कुणी कळवलं नाही.

आता तो स्विच. किल्ली 'चालू'वर आली की आत एक खटका बसतो. छोटी स्प्रिंग, तिच्या टोकाला खिट्टी, आणि ती खिट्टी जाऊन बसेल अशी खाच. किल्ली जागेवर राहते ती या खटक्याच्या जोरावर. आयनमध्ये आणि पुढे याच कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्टमध्ये ही खिट्टी आखूड होती, स्प्रिंग कमजोर. त्यामुळे खटका नीट बसायचाच नाही. किल्लीच्या जुडग्याचं वजन, गुडघ्याचा धक्का, रस्त्यातला खड्डा, एवढं पुरे होतं. किल्ली आपोआप मागे सरकायची आणि इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेली, आणि एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटला. म्हणजे ज्या क्षणी गाडी हाताबाहेर जाणार, त्याच क्षणी तुम्हाला वाचवणारी वस्तूही झोपी जाणार.

हा स्विच ठरलेल्या मापात बसत नाही, हे 2002 मध्ये मंजुरी देतानाच माहीत होतं. पुरवठादार होती डेल्फाय, जी काही वर्षांपूर्वीपर्यंत जनरल मोटर्सचाच भाग होती. मंजुरी दिली जनरल मोटर्सच्या इंजिनिअरनं. मग दोष कुणाचा, बनवणाऱ्याचा की चालेल म्हणणाऱ्याचा? माझं मत सरळ आहे. ज्यानं माप ठरवलं आणि माप चुकलेलं पाहूनही सही केली, पहिला जाब त्यानं द्यायचा. पण नुसत्या त्या इंजिनिअरला धरून बसलो तर खरी गोष्ट हातातून निसटते.

2005 मध्ये चालती गाडी बंद पडते अशा तक्रारी आल्या. कंपनीत बैठका झाल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीमागे एका डॉलरच्याही आतबाहेर होता, पण तो परवडत नाही असं ठरलं. हा सुरक्षेचा प्रश्न नाही, ग्राहकाच्या सोयीचा आहे, असा शेरा पडला. इंजिन रस्त्यात बंद पडणं ही गैरसोय! डीलरांना परिपत्रक गेलं की ग्राहकांना किल्लीच्या जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. म्हणजे जबाबदारी कुठवर सरकली बघा, थेट किचेनपर्यंत.

2006 मध्ये स्विच गुपचूप बदलला. खिट्टी लांब झाली, खटका घट्ट बसू लागला. पण पार्ट नंबर तोच ठेवला. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही विचारा याचा अर्थ काय. पार्ट बदलला की नंबर बदलतो, हा त्या धंद्याचा पहिला धडा. नंबर एकच राहिल्यामुळे कंपनीच्याच तपासनीसांना वर्षानुवर्षं कळेना की जुन्या गाड्यांत अपघात होतात आणि नव्यांत का होत नाहीत. हे कोडं सोडवलं ते जॉर्जियातल्या एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलानं नेमलेल्या एका इंजिनिअरनं. त्यानं डीलरकडून नवा स्विच विकत आणला, अपघातातल्या गाडीचा स्विच शेजारी ठेवला, दोन्ही उघडून पाहिले. दोन खिट्ट्यांच्या लांबीतला फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. एवढीशी गोष्ट शोधायला एका कुटुंबाला कोर्टात जावं लागलं.

फेब्रुवारी 2014 मध्ये गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली आणि आकडा साधारण 26 लाखांवर गेला. जून महिन्यात कंपनीनं नेमलेले वकील अँटन वालुकास यांचा अहवाल आला. त्यात कंपनीतल्या दोन लकबींची नोंद आहे. एक, बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. दुसरी, हातांची घडी घालून दोन्ही बोटं बाहेरच्या बाजूला दाखवायची: जबाबदारी याची, नाहीतर त्याची, माझी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात या दोन्ही लकबी ओळखीच्या वाटतील, पण त्यांच्यापायी माणसं मेल्याचं अहवालात लिहून येणं विरळा.

कर्मचाऱ्यांना दिलेलं एक प्रशिक्षणही तेव्हा उघडकीला आलं. कोणते शब्द लिहू नयेत याची यादीच होती. 'दोष' लिहू नका, 'आराखड्याप्रमाणे काम करत नाही' असं लिहा. 'समस्या' नको, 'बाब' किंवा 'स्थिती' चालेल. कागदावर दोष लिहिलाच नाही, तर त्याला मालक कुठून येणार?

आणि सरकार? तिथल्या वाहन सुरक्षा खात्यानं 2007 आणि 2010 मध्ये याच गाड्यांच्या एअरबॅगचा विषय हाताळला आणि दोन्ही वेळा रीतसर चौकशी उघडायची नाही असं ठरवलं. त्या दोन तारखांच्या मध्ये, 2009 मध्ये, जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं. सरकारी पैशानं नवी जनरल मोटर्स उभी राहिली आणि जुनी देणी जुन्या कंपनीच्या नावावर राहिली. पुढे खटले आले तेव्हा नवी कंपनी म्हणाली, तो अपघात जुन्या कंपनीच्या काळातला. 2016 मध्ये वरिष्ठ न्यायालयानं ही ढाल बऱ्याच अंशी काढून घेतली. ज्या ग्राहकांना दोषच कळवला नव्हता, त्यांचा हक्क दिवाळखोरीच्या नावाखाली कसा बुडवता, हा कोर्टाचा मुद्दा होता.

भरपाई वाटायला केनेथ फाइनबर्ग यांना नेमलं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांची भरपाईही त्यांनीच ठरवली होती. कंपनी सुरुवातीला 13 मृत्यू मानत होती, त्यांनी 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा एक नियम: चालकाची चूक मोजायची नाही. दारू प्यायलेला असो, वेगात असो, पट्टा लावलेला नसो. स्विचमुळे एअरबॅग उघडली नाही का, एवढंच पाहायचं. विचार करा, एअरबॅग बसवतातच कशासाठी? माणूस चुकणार हे गृहीत धरून. मग तो चुकला म्हणून एअरबॅगचा दोष माफ कसा होईल?

2015 मध्ये कंपनीनं 90 कोटी डॉलर भरून फौजदारी खटला टाळला. पंधरा जणांची नोकरी गेली. तुरुंगात कुणीही गेलं नाही. गुन्ह्याचा शिक्का बसला होता तो फक्त टेक्सासमधल्या त्या मुलीवर.

या गाड्या आपल्याकडे आल्या नाहीत. पण हीच कंपनी तळेगावला कारखाना चालवत होती, आणि हिचीच टवेरा आपल्या गावोगावी वडाप म्हणून धावली. 2013 मध्ये धूर तपासणीतल्या लबाडीपायी 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. तोवर आपल्याकडे गाडी परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता, कंपन्यांची स्वखुशीची आचारसंहिता होती. कायदा आला तो 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनं, नियम लागू झाले 1 एप्रिल 2021 पासून. पुरेशा मालकांच्या तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि दंडही करू शकतं. चांगलंच आहे. पण एक अट वाचा: गाडी सात वर्षांच्या आतली हवी. 2003 ची आयन परत बोलावली गेली 2014 मध्ये. आपल्या नियमात ती बसलीच नसती. जिथे सेकंडहँड गाडी दहा-बारा वर्षं घर चालवते, तिथे ही अट कुणाच्या सोयीची, हे तुम्हीच बघा.

कोर्ट मात्र पुढे गेलंय. 2017 मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर ह्युंदाईच्या एका क्रेटा गाडीला अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं होतं. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. धडकेचा वेग आणि जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ नव्हे, असं न्यायालय म्हणालं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस देणारा, तिघांच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरणच आहे.

तेव्हा एक काम करा. गाडी चालता चालता बंद पडली, ब्रेक लागला नाही, एअरबॅगचा दिवा जळत राहिला, तर सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड भरताना समोर उभे राहा. तो मुलगा 'जनरल चेकअप' असं लिहील. त्याला सांगा, तसं नको, लिही: 'साठच्या वेगात इंजिन बंद पडलं.' तारीख घाला, किलोमीटर घाला, सही घ्या आणि प्रत मागून घरी आणा. मग तीच तक्रार, त्याच शब्दांत, परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर टाका. आणि जुनी गाडी घेताना चासी नंबर देऊन कंपनीला विचारा, ही गाडी कधी परत बोलावली होती का, आणि ते काम झालंय का. उत्तर लेखी मागा.

नमस्कार.