आईच्या गुडघ्यांच्या चालीने टोकियो

(पडद्यावर: मेट्रोचा लांबलचक जिना. वरून खाली वाहणारी गर्दी. कडेला कठडा धरून उभी असलेली आई.)

टोकियोत घरचं कुणी आलं की आधी आठवतात ते जिने. मेट्रो जमिनीखाली कितीतरी खोल. लिफ्ट असते, पण नेमकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. माझी आई एकाहत्तर वर्षांची. सिल्लोडच्या शाळेत तीस वर्षं तिने उभ्याने शिकवलं, आणि आता गुडघे बोलायला लागलेत. पहिले दोन दिवस मी तिला सगळी नावाजलेली ठिकाणं दाखवायला निघाले होते. शिंजुकू स्टेशनात ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, ही सगळी माणसं निघालीत तरी कुठे?"

तिसऱ्या दिवशी मी यादी घरी ठेवली आणि तिला ट्रामकडे घेऊन गेले.

(आवाज: टिण् टिण्.)

हे मिनोवाबाशी, टोकियोच्या ईशान्येचं एक छोटं टोक. इथून एका डब्याची ट्राम निघते आणि १२.२ किलोमीटर अंतर, ३० थांबे घेत, तासाभरात पश्चिमेला वासेदाला पोहोचते. नाव तोदेन अराकावा. २०१७ पासून तिला 'टोकियो साकुरा ट्राम' असंही म्हणतात. सुटण्याआधी ती दोनदा घंटी वाजवते, म्हणून जुनी माणसं तिला 'चिन-चिन देन्शा' म्हणतात. पुढच्या दारातून चढायचं, चढतानाच पैसे भरायचे. आम्ही ४०० येनचा दिवसभराचा पास घेतला, म्हणजे हवं तिथे उतरा, हवं तेव्हा चढा. आईला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत. पायरी नाहीच. तिने पाऊल उचललं आणि ती आत होती. "हे बरं केलंय," एवढंच म्हणाली, पण त्या वाक्यात दोन दिवसांचा शीण होता.

एके काळी टोकियोत अशा ट्रामचं जाळं होतं. मोटारी वाढल्या, रस्ते अडायला लागले आणि १९६७ ते १९७२ या पाच वर्षांत बाकीचे मार्ग एकेक करून बंद झाले. आपल्याकडे मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्याच सुमाराची ही गोष्ट. मग ही एकच कशी वाचली? तिचा बराचसा मार्ग रस्त्यातून जातच नाही. घरांच्या मागून, परसांच्या कडेने तिची स्वतःची वाट आहे. मोटारींना तिची अडचण नव्हती, आणि वस्तीतल्या लोकांना ती हवी होती. १९७४ मध्ये उरलेले दोन मार्ग जोडून ही एक लाइन झाली.

(पडद्यावर: रुळांच्या दोन्ही बाजूंनी गुलाब. वाळत घातलेले कपडे. सायकलवरून जाणारी शाळकरी मुलगी.)

आम्ही गेलो ती तारीख १४ मे. रुळांच्या कडेला गुलाब अगदी भरात होते. अराकावा वॉर्डाने १९८५ पासून ही लागवड केली, आज १४० जातींची सुमारे १३ हजार झाडं आहेत. एका थांब्याजवळ हातमोजे घातलेली एक आजी सुकलेली फुलं कात्रीने छाटत होती. ट्राम तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. तिच्यासाठी ट्राम म्हणजे अंगणातून जाणारं मांजर असावं.

ओजीला मात्र गंमत आहे. इथे थोड्या अंतरासाठी ट्राम मोठ्या रस्त्यावर उतरते. ट्रक, बस, टॅक्सी यांच्यामध्ये, वळण घेत, चढ चढत. आईने खिडकीची दांडी घट्ट धरली. चढ संपला की आसुकायामा.

नावात 'यामा' म्हणजे डोंगर, पण उंची जेमतेम २५ मीटर. तेवढीही चढायला नको म्हणून गोगलगाईच्या आकाराची एक छोटी गाडी दोन मिनिटांत वर नेते, फुकट. १७२० च्या सुमाराला शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिमुने याने या टेकडीवर चेरीची रोपं लावली आणि ती साध्या माणसांना खुली केली. खा, प्या, गा, झाडाखाली पथारी टाका, कुणी हटकणार नाही. १८७३ मध्ये जपानमधली पहिली सार्वजनिक उद्यानं जाहीर झाली, त्यांत ही टेकडी होती. मे महिन्यात चेरी नसते, नुसती हिरवी सावली असते. आम्ही बाकावर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आणि इथे मला आईला एक नोट दाखवायची होती. दहा हजार येनच्या नव्या नोटेवर, २०२४ च्या जुलैपासून, शिबुसावा एइइची यांचा चेहरा आहे. जपानच्या आधुनिक उद्योगांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं, आणि ते राहायचे याच टेकडीवर. घर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यांची बाग आणि दोन देखण्या वास्तू तेवढ्या उरल्या. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला आले आणि या गृहस्थांना भेटले. मुंबईहून जपानच्या गिरण्यांकडे कापूस जायचा, पण त्या वाटेवर ब्रिटिश जहाज कंपनीचा वरचष्मा होता आणि भाडं ती सांगेल ते. दोघांच्या पुढाकाराने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीचं जहाज कोबेहून मुंबईकडे निघालं. जपानची ही पहिली नियमित दूर पल्ल्याची सागरी वाहतूक, आणि तिचं दुसरं टोक आपली मुंबई. आईने नोट उजेडात धरून पाहिली. "कापसानेच जोडलं म्हणायचं," ती म्हणाली. तिच्या माहेरी कापूसच पिकायचा.

(पडद्यावर: लाल रंगाने भरलेलं दुकान. छत्र्या, काठ्या, रांगेत उभ्या आज्या.)

कोशिन्झुका थांब्यावर उतरून थोडं चाललं की सुगामोचा बाजार. तरुण मुली कपड्यालत्त्यासाठी हाराजुकूला जातात आणि म्हाताऱ्या बायका सुगामोला, म्हणून याला 'आजीबाईंचं हाराजुकू' म्हणतात. लाल अंतर्वस्त्रांचं प्रसिद्ध दुकान इथलंच. लाल रंगाने ऊब राहते आणि बरकत येते अशी समजूत. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला इथे जत्रा भरते, आणि आम्ही नेमके त्या दिवशी.

जत्रेचं दैवत म्हणजे कोगान-जी मंदिरातला 'तोगेनुकी जिझो', काटा काढणारा जिझो. जिझो म्हणजे आपल्याकडचा क्षितिगर्भ बोधिसत्त्व. एका दासीने चुकून सुई गिळली, जिझोचं चित्र छापलेला कागदाचा इवलासा तुकडा तिला पाण्याबरोबर दिला आणि सुई त्या कागदात अडकून बाहेर पडली, अशी कथा.

अंगणात कानोनची, करुणेच्या देवतेची, दगडी मूर्ती उघड्यावर आहे. रांगेत उभं राहायचं, छोटा पांढरा रुमाल घ्यायचा, मूर्तीवर पाणी ओतायचं आणि आपल्याला जिथे दुखतं तिथेच मूर्तीला पुसायचं. पूर्वी लोक ब्रशने घासायचे. घासून घासून जुनी मूर्ती इतकी झिजली की १९९२ मध्ये नवी बसवावी लागली. आईला यात काहीच नवल वाटलं नाही. "पंढरपूरला पाय झिजलेच की," ती म्हणाली.

आमच्या पुढे एक आजी होती, पाठीतून वाकलेली. तिने वळून आईकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या. आईने आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. दोघी हसल्या. पाळी आली तेव्हा त्या आजीने मूर्तीचे गुडघे पुसले, मग ओला रुमाल पिळला, बाजूला सरकली आणि आईला पुसताना पाहत थांबून राहिली. मी मध्ये दुभाषी व्हायला निघाले होते. गरजच पडली नाही.

मग शिओ दाइफुकू. तांदळाच्या मऊ, चिकट मोचीच्या आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण आणि वरून मिठाची चव. "पुरणच हे," आईने निकाल दिला, "वेलदोडा तेवढा राहिलाय."

(पडद्यावर: झेल्कोव्हा झाडांची दुतर्फा रांग. दुपार कलली आहे.)

पुन्हा ट्राम. ओत्सुका गेलं, हिगाशी-इकेबुकुरोचे उंच मनोरे गेले आणि आला किशिबोजिन-माए. झाडांखालून चालत गेलं की किशिमोजिनचं मंदिर. १६६४ ची लाकडी वास्तू, शेजारी शेकडो वर्षांचा प्रचंड गिंको वृक्ष, आणि आवारात १७८१ पासून चालत आलेलं मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांचं दुकान. पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते तेव्हापासून.

किशिमोजिन म्हणजे कोण, ते मी आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. फक्त दाराशी नेलं आणि म्हटलं, ही हारिती.

ती क्षणभर थांबली. "आपली हारिती? दोन नंबरच्या लेण्यातली?"

दरवर्षी ती मुलांची सहल घेऊन अजिंठ्याला जायची. दुसऱ्या लेण्यात उजवीकडच्या दालनात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत, मांडीशी लेकरू. आणि त्यांच्या पायाशी दगडात एक शाळा कोरली आहे. मास्तरांच्या हातात छडी, पुढची पोरं अभ्यासात, मागची मेंढ्यांशी खेळण्यात. तिची मुलं त्या शिल्पापुढे हमखास हसायची.

ती बाकावर बसली आणि वर्गात सांगायची तशी गोष्ट सांगायला लागली. मी कॅमेरा हलवला नाही.

"हारितीला पाचशे लेकरं. पण ती दुसऱ्यांची लेकरं पळवून खायची. गावातल्या आया बुद्धाकडे गेल्या. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं लेकरू आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली. शेवटी बुद्धापुढे येऊन रडली. तो म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझं असं झालं. ज्यांचं एकच होतं त्यांचं काय झालं असेल?"

त्या दिवसापासून हारिती मुलांची राखणदार झाली. इथे या मंदिराच्या नावात 'राक्षस' या अर्थाचं अक्षर आहे. त्याच्या डोक्यावर एक लहानशी तिरकी रेघ असते, शिंगासारखी. या मंदिराच्या पाटीवर ती रेघ लिहीत नाहीत. शिंग गळून पडलं म्हणून. मी बोटाने दाखवलं, तेव्हा आई उठून पाटीजवळ गेली, चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिली. नवसाच्या लाकडी पाट्यांवर डाळिंबं रंगवलेली होती. एका पाटीखाली स्वतःच्या आईचा हात ओढत तीन वर्षांचा एक मुलगा दुकानाकडे निघाला होता.

वासेदाला जायला अजून तीन थांबे होते. आई म्हणाली, "राहू दे. बसू या इथेच थोडं."

दूर घंटी वाजली. एक ट्राम गेली. मग दुसरी.