स्टीव्ह नॅश : चेंडू जिवंत ठेवणारा गार्ड

श्रोतेहो, बास्केटबॉलमधल्या नामवंत गार्डचा, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूचा, विषय निघाला की एकट्याच्या बळावर चाळीस-पन्नास गुण करणारा, बचावपटूच्या डोक्यावरून झेपावणारा खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज ज्याच्या कारकिर्दीविषयी बोलायचे आहे, तो स्टीव्ह नॅश या चित्रात कुठेच बसत नाही. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या 18 हंगामांपैकी एकाही हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे 20 गुणांपर्यंत पोहोचली नाही. सर्वांत वरची सरासरी 2005-06 मधली, 18.8 गुणांची. त्याची झेप बेताची होती, त्याच्याहून चपळ गार्ड बहुतेक संघांत होते आणि बचावात तो कच्चा होता, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. तरीही 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार, म्हणजे एमव्हीपी, त्यालाच मिळाला. माझ्या मते याचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. समोरचा बचावपटू काय करणार हे ठरेपर्यंत नॅश स्वतः काहीच ठरवत नसे, आणि तोवर चेंडू खेळता ठेवण्याचे कसब त्याच्याइतके फार थोड्यांकडे होते.

यामागचा नियम थोडा स्पष्ट करतो. चेंडू जमिनीवर आपटत नेणे, म्हणजे ड्रिबल, एकदा थांबवले की पुन्हा सुरू करता येत नाही. दोन्ही हातांत चेंडू धरला की खेळाडूपुढे पास देणे किंवा नेम मारणे एवढेच मार्ग उरतात, आणि हे बचावपटूला पक्के ठाऊक असते. म्हणून कोंडीत सापडलेला सर्वसाधारण गार्ड घाबरून चेंडू उचलतो आणि बचावाचे काम निम्मे होते. नॅश चेंडू उचलतच नसे. तो रिंगच्या खाली शिरे. तिथे शिरलेला माणूस नेम तरी मारणार किंवा पास तरी देणार, अशी सर्वांची अपेक्षा असे. हा मात्र ड्रिबल करत करत रिंगच्या खालून, अंतिम रेषेला लागून, दुसऱ्या बाजूने बाहेर पडे. तेवढ्या दोन सेकंदांत पाचही बचावपटूंच्या माना त्याच्या मागोमाग वळलेल्या असत आणि त्यांतल्या एकाची तरी आपल्या माणसावरची नजर सुटलेली असे. पास नेमका त्या माणसाकडे जाई.

हे कसब आले कुठून, हे पाहताना त्याच्या घराकडे पाहावे लागते. नॅशचा जन्म 7 फेब्रुवारी 1974 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये झाला आणि तो वाढला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हिक्टोरिया शहरात. वडील व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. धाकटा भाऊ मार्टिन पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात गेला. बास्केटबॉल स्टीव्हच्या आयुष्यात तुलनेने उशिरा, बाराव्या-तेराव्या वर्षी आला. फुटबॉलमध्ये मध्यरक्षकाला चेंडू पायाशी असताना मान वर ठेवून मैदान पाहावे लागते, आणि सहकारी आत्ता उभा आहे तिथे पास न देता तो पोहोचणार असेल तिथे द्यावा लागतो. नॅशचा बास्केटबॉल पाहताना हा संस्कार पदोपदी जाणवतो.

कॅनडातल्या शाळकरी मुलाची दखल अमेरिकेतल्या विद्यापीठांनी घ्यावी, असे ते दिवस नव्हते. त्याच्या शालेय प्रशिक्षकांनी तिसाहून अधिक विद्यापीठांकडे चौकशी केली, ध्वनिचित्रफिती पाठवल्या. शिष्यवृत्ती देऊ केली ती कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा या एकट्या, तुलनेने लहान विद्यापीठाने. तिथे तो वर्गात जाता-येता टेनिसचा चेंडू आपटत चालायचा, असे सांगतात. लहान चेंडूवर हात बसला की मोठा आपोआप ताब्यात राहतो, हा त्यामागचा हिशेब. 1993 च्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या मानांकनाच्या सांता क्लाराने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला 64-61 असे हरवले, तेव्हा नॅश पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि अखेरच्या अर्ध्या मिनिटात त्याने सलग 6 फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारे विनाअडथळा नेम, टाकले होते. फ्री थ्रोची ही शिस्त पुढे कारकीर्दभर टिकली. पंचांकडून चेंडू मिळण्याआधी तो रिकाम्या हातांनी नेम मारण्याची संपूर्ण क्रिया करून पाहायचा आणि मगच चेंडू घ्यायचा. निवृत्त होताना त्याची फ्री थ्रोची टक्केवारी 90.4 होती आणि तेव्हा तो एनबीएचा विक्रम होता.

1996 मध्ये एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडले, त्या निवडीत फिनिक्स सन्सने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. संघात केव्हिन जॉन्सन होता, काही महिन्यांत जेसन किडही आला. नॅशच्या वाट्याला बाकावरची जागा आली. दोन वर्षांनी फिनिक्सने त्याला डॅलस मॅव्हरिक्सकडे पाठवले. 1999 च्या हंगामात त्याच्या नेमाची टक्केवारी 36 च्या आसपास घसरली आणि डॅलसच्या प्रेक्षकांनीही त्याची टर उडवली. वयाची पंचविशी गाठलेला, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला, दोन शहरांनी नावे ठेवलेला हा गार्ड दीड तपाची कारकीर्द करील, असे त्या घडीला म्हणणारा विरळाच.

प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी मात्र त्याच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. त्याच सुमारास डॅलसमध्ये जर्मनीहून आलेला तरुण डर्क नोविट्झ्की होता. जवळजवळ सात फूट उंचीचा आणि लांबून अचूक नेम मारणारा. या दोघांनी मिळून पिक-अँड-रोल ही जुनीच चाल नव्याने धारदार केली. उंच सहकारी गार्डच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, गार्ड त्याला खेटून पुढे सरकतो, आणि मग बचावातल्या दोघांना क्षणात ठरवावे लागते की कोणी कोणाच्या मागे जायचे. दोघेही गार्डवर धावले तर उंच सहकारी मोकळा. दोघेही मागे राहिले तर गार्डला नेम मारायला मोकळीक. नॅश नेमाचाही पक्का असल्यामुळे मागे राहण्याची सोय बचावाला उरत नसे. हंगामभरात मैदानी नेम (फ्री थ्रो सोडून बाकी सर्व) 50 टक्के, तीन गुणांचे नेम 40 टक्के आणि फ्री थ्रो 90 टक्के हे तिन्ही टप्पे एकाच वेळी ओलांडणे अत्यंत दुर्मीळ मानले जाते. नॅशने ते चारदा साधले. त्याच्या पासांचे जे कौतुक होते, त्यातले निम्मे श्रेय या नेमाच्या धाकाला द्यायला हवे, असे मला वाटते.

2004 च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला. तो तिशीचा झाला होता, पाठ दुखरी होती, आणि डॅलसचे मालक मार्क क्यूबन यांना दीर्घ मुदतीचा मोठा करार जोखमीचा वाटला. फिनिक्सने सहा वर्षांसाठी 6 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली आणि नॅश जुन्या संघात परतला. क्यूबन यांची या निर्णयाबद्दल पुढे बरीच चेष्टा झाली. पण त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पाठीच्या मणक्यातला एक मणका पुढे सरकण्याचा विकार असलेल्या गार्डवर कोणी सहा वर्षांचा पैसा सहजी लावत नाही. सामना सुरू असताना बदली खेळाडू आत गेला की नॅश बाकावर बसायचा नाही, कोर्टाच्या कडेला पाठीवर आडवा पडायचा. बसला तर पाठ आखडायची.

आधीच्या हंगामात 82 पैकी फक्त 29 सामने जिंकलेल्या फिनिक्सने 2004-05 मध्ये 62 सामने जिंकले. यात नॅशचा वाटा मोठा होताच, पण दोन गोष्टी त्याच्या पथ्यावर पडल्या. पहिली म्हणजे त्याच हंगामापासून लीगने ड्रिबल करणाऱ्याच्या अंगाला हात लावून त्याला रोखण्याविरुद्धचा नियम कडकपणे राबवायला सुरुवात केली. धिप्पाड बचावपटू लहान चणीच्या गार्डला नुसत्या तळहाताने दिशा द्यायचे, ते बंद झाले. दुसरी म्हणजे प्रशिक्षक माइक डी'अँटोनी. पहिल्या सात सेकंदांतच, विरोधी बचाव रांगेला लागण्याआधी, नेम मारून मोकळे व्हायचे, हे त्यांचे धोरण होते. आमारे स्टाउडमायर रिंगकडे झेपावणार, शॉन मॅरियन कडेने धावणार, बाकीचे तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरणार आणि मध्ये चेंडू घेऊन नॅश. जाता जाता एक गंमत सांगतो : नॅशला डॅलसकडे देताना फिनिक्सला जो पुढच्या निवडीचा हक्क मिळाला होता, त्यावरच त्यांनी 1999 मध्ये मॅरियनला घेतले होते. नॅश परत आला तो आपल्याच मोबदल्यात मिळालेल्या खेळाडूबरोबर खेळायला.

त्या वर्षीचा एमव्हीपी ठरला तो चुरशीनेच : मतदानात नॅशला 1066 गुण, शकील ओनीलला 1032. हा मान मिळवणारा नॅश पहिला कॅनेडियन. सरासरी 15.5 गुण करणाऱ्याला एमव्हीपी कसा द्यायचा, हा वाद तेव्हा रंगला आणि अजूनही मिटलेला नाही. ज्यांना तो पटत नव्हता, त्यांनी त्याच वर्षीची डॅलसविरुद्धची बाद फेरीतली मालिका पाहावी. डॅलसने ठरवले, नॅशला पासच देऊ द्यायचे नाहीत, त्याला स्वतःलाच गुण करू द्यायचे. चौथ्या सामन्यात त्याने 48 गुण केले, आणि फिनिक्स हरले. म्हणजे डॅलसचा डाव बरोबर होता. सहाव्या सामन्यात मात्र शेवटचे सहाएक सेकंद उरले असताना तीन गुणांनी मागे असलेल्या फिनिक्ससाठी नॅशने लांबून नेम साधून बरोबरी केली, आणि वाढीव वेळेत 130-126 असा विजय मिळवून क्यूबन यांच्याच संघाला स्पर्धेबाहेर काढले. त्या दिवशी त्याचे गुण 39, असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) 12, रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू) 9.

विजेतेपद मात्र आले नाही. विजेतेपदाची अंतिम मालिकाही त्याला कधी खेळायला मिळाली नाही. यातले सर्वांत सलणारे वर्ष 2007. सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात टोनी पार्करशी टक्कर होऊन नॅशचे नाक फुटले. रक्त थांबेना, आणि नियमाप्रमाणे मोक्याच्या शेवटच्या मिनिटात त्याला बाहेर बसावे लागले. चौथा सामना फिनिक्सने जिंकत आणला असताना रॉबर्ट होरीने नॅशला धक्का देऊन कडेच्या टेबलावर आदळवले. स्टाउडमायर आणि बोरिस डियाव बाकावरून उठून काही पावले पुढे आले, तेवढ्यावरून दोघांवर एका सामन्याची बंदी आली. पुढचा सामना फिनिक्सने तीन गुणांनी गमावला आणि त्यानंतर मालिकाही. नियमाच्या शब्दाला धरून शिक्षा योग्य होती. फक्त धक्का देणाऱ्याच्या संघाला तिचा फायदा झाला, हे विचित्र होते. 2010 मध्ये याच स्पर्सना फिनिक्सने 4-0 असे हरवले. शेवटच्या सामन्यात टिम डंकनचे कोपर लागून नॅशचा एक डोळा सुजून जवळजवळ मिटला होता, टाके पडले होते, आणि त्या अवस्थेत त्याने 20 गुण आणि 9 असिस्ट केले. पुढच्या मालिकेत लॉस एंजेलिसच्या लेकर्सने फिनिक्सला थांबवले.

उतरणीचा भाग थोडक्यात सांगतो. 2012 मध्ये तो त्याच लेकर्सकडे गेला. दुसऱ्याच सामन्यात डेमियन लिलार्डशी टक्कर होऊन डाव्या पायाचे हाड मोडले. त्यातून पाठीच्या नसांचे दुखणे बळावले. 2013-14 मध्ये तो जेमतेम 15 सामने खेळला आणि मार्च 2015 मध्ये निवृत्त झाला. खात्यावर 10,335 असिस्ट होते; त्या वेळी त्याच्या पुढे फक्त जॉन स्टॉकटन आणि जेसन किड. 2018 मध्ये हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला तो किडबरोबरच. फिनिक्समध्ये ज्याच्यामुळे त्याला बाकावर बसावे लागले होते, तोच किड.

एक आक्षेप मला स्वतःला त्याच्या खेळावर घ्यावासा वाटतो. तीन गुणांच्या नेमात त्याची कारकिर्दीची टक्केवारी 42.8 होती, आणि तरीही एकाही हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी पाच असे नेम मारले नाहीत. आजचे काही गार्ड याच्या दुप्पट मारतात. सहकाऱ्याला आधी मोकळे करायचे, हा संस्कार त्याच्यात इतका मुरलेला होता की स्वतः मोकळा असतानाही तो आणखी एक पास शोधत राही, आणि बाद फेरीच्या अटीतटीच्या सामन्यांत याची किंमत फिनिक्सने मोजली असावी. लांबून नेम मारणारा वेगवान संघ विजेतेपद जिंकू शकत नाही, हे मत त्या पराभवांमुळेच रूढ झाले होते. नॅश निवृत्त झाला त्याच 2015 साली गोल्डन स्टेट वॉरियर्सने स्टीफन करीच्या नेमांवर ते खोडून काढले. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर आधी फिनिक्सचे सरव्यवस्थापक होते, त्यांचे सहायक ॲल्विन जेंट्री 2010 च्या फिनिक्सचे प्रशिक्षक होते, आणि बाकावरून उतरणारा लिआंद्रो बार्बोसा हा नॅशचा जुना जोडीदार होता. त्याच वर्षी वॉरियर्सने खेळाडूंच्या जडणघडणीसाठी सल्लागार म्हणून आणखी एकाला बोलावले. तो सल्लागार म्हणजे नॅश.