इंजिन नवं बांधलं, तरी ठोकतंय? चेंबर उघडण्याआधी हे तपासा

नमस्कार मंडळी. नवीन लायनर-पिस्टन, क्रँकला ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग, सगळं झालं. गाडी आडगावच्या ट्रक टर्मिनलवरून महामार्गाला लागली आणि खालून ठक-ठक सुरू. मिस्त्री म्हणतो, "नवीन काम आहे शेठ, हजार किलोमीटरमध्ये बसेल." हे आधी डोक्यातून काढून टाका. रनिंगमध्ये रिंगा बसतात, ठोका बसत नाही. बेअरिंगमधली जास्तीची फट गाडी पळवून वाढतेच, कमी कधीच होत नाही.

आज आपण बोलतोय ते जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या सहा सिलिंडर इंजिनाबद्दल. कॉमन रेलवाल्यांसाठी, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांसाठी, एक इशारा पुढे येईलच.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. डिपस्टिक काढा. ऑइल भरलं होतं त्यापेक्षा वर आलंय? बोटाला डिझेलचा वास येतोय? मग नोझल किंवा पंपातून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय, ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगला आधार उरलेला नाही. इंजिन तिथेच बंद करा. दुसरं, डिझेल लाइनची हवा नीट काढलीय का? हवा राहिली की इंजिन अडखळत ठोकतं, आणि त्यासाठी हेड उतरवलेल्या गाड्याही आहेत.

आता एअर कॉम्प्रेसर. त्याचा रॉड सैल असला की आवाज हुबेहूब इंजिनाचा वाटतो. टाकीची हवा सोडून द्या, गाडी आयडलला ठेवा, मीटरकडे बघत थांबा. हवा भरली की अनलोडर, म्हणजे कॉम्प्रेसरवरचा भार काढणारा व्हॉल्व, उघडून फुस्स करतो. त्याच क्षणी ठोक्याचा सूर बदलला, तर इंजिनाला हात लावू नका, कॉम्प्रेसर उघडा.

मग लय ऐका. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून कॅमवरून व्हॉल्व हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज निम्म्या गतीचा, हलका, वरच्या बाजूला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून वरून खाली या, फॅनपासून लांब राहून. निफाडकडच्या थंडीत सकाळी वाजणारा आणि इंजिन तापलं की विरणारा आवाज बहुतेक पिस्टनचा असतो. लायनरमध्ये फट जास्त राहिलीय. तापल्यावर वाढणारा, लोडवर जड होणारा आवाज मात्र बेअरिंगचा. क्लच दाबल्यावर बदलला, तर थ्रस्ट वॉशर किंवा क्लचची बाजू बघा.

आता मुख्य चाचणी. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला ठोकळ्याची ओट. हातमोजे आणि चष्मा घाला. इंजिन आयडलला असताना एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा-एक आटा सैल करा, वर जाड फडकं धरा, आवाज ऐका, नट कसा, पुढच्या सिलिंडरवर जा. तोंड जवळ नेऊ नका, डिझेलची धार कातडीत घुसते. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. तिथे दाब 1,000 बारच्या वर जातो. स्कॅनरनेच एकेक सिलिंडर बंद करून बघायचा.

समजा चार नंबर सैल केला आणि ठोका मेला. लगेच रॉड उतरवू नका. चार आणि दोनचे नोझल अदलाबदल करा, खाली नवीन कॉपर वॉशर टाकून. आवाज दोनवर गेला तर दोष नोझलचा. चारवरच राहिला तर बिगएंड (रॉडचं क्रँककडचं टोक) किंवा पिस्टन. नट सैल केल्यावर आवाज मरण्याऐवजी दुहेरी झाला, टकटक-टकटक, तर गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) किंवा स्मॉल एंडच्या, म्हणजे रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाच्या, बुशवर संशय घ्या. सगळेच सिलिंडर थोडे थोडे, कडक ठोकतायत? पंपाचं गिअर एक दात पुढे बसलंय का बघा, टायमिंगच्या खुणा जुळवा. कुठल्याच सिलिंडरने फरक पडत नाही? मेन बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट, टायमिंग गिअर.

ऑइल प्रेशरला डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. काट्याला माहिती देणारा सेंडर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. ऑइल 15डब्ल्यू-40, इंजिन पूर्ण तापलेलं. ढोबळमानाने आयडलला एक बारच्या आसपास आणि रेस केल्यावर तीन-चार बार हवं, शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. थंडीत चांगलं, तापल्यावर कोसळलं, म्हणजे फट जास्त. यावर जाड ऑइल ओतून आवाज दाबणारे भेटतील. त्यांना गाडी देऊ नका. प्रेशर कमी आणि लोडवर जड ठोका, असं असेल तर कसारा घाट लांबच राहिला, गाडी टो करूनच हलवा. रॉड तुटला की ब्लॉक फोडून बाहेर येतो.

चेंबर उतरवायची वेळ आलीच, तर आधी ऑइल फिल्टर कापा.

(जवळून दाखवा: उघडलेला फिल्टर कागद, शेजारी चुंबक)

ही चमक बघा. चुंबकाला चिकटली तर लोखंड. चिकटली नाही, तांबूस किंवा राखाडी आहे, तर बेअरिंगचा थर निघालाय.

(जवळून दाखवा: मेन बेअरिंगचे दोन शेल)

आणि नव्या बांधणीतली ही चूक फार महागात पडते. शेल म्हणजे बेअरिंगची अर्धी वाटी. एका शेलला भोक आहे, दुसरा कोरा. भोकाचा शेल ब्लॉकच्या बाजूला हवा. उलटे बसले की ऑइलची वाट बंद. तो मेन सुकतो, आणि त्याच्याकडून ऑइल घेणारा बिगएंडही.

शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा. क्रँक 10 थाऊ, म्हणजे 0.25 मिमी घासलाय आणि शेल स्टँडर्ड पडलाय, तर 0.25 ची जास्तीची फट तिथेच आली. सत्तर मिमीच्या आसपासच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) एकूण फटच साधारण 0.05 ते 0.10 हवी असते. प्लॅस्टिगेजची, म्हणजे दाबली की फट दाखवणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची, पट्टी ठेवा, टॉर्क रेंचने पूर्ण कसा, क्रँक अजिबात फिरवू नका, खोला आणि पट्टीची रुंदी मोजा. रॉड आणि कॅपचे नंबर एकच, एकाच बाजूला. कॅप बदलली किंवा उलटी बसली की भोक गोल राहत नाही. शेलच्या फक्त एका कडेला चमकती रेघ असेल, तर ग्राइंडिंगवाल्याने जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जास्त सोडलीय. तिथे नवीन शेल टाकून उपयोग नाही, क्रँक परत मशीनवर.

पिस्टनखाली ऑइलचे जेट असतील तर तेही बघा. लायनर टाकताना एखादा वाकला की पिस्टन त्यावर आपटतो, स्कर्टवर खूण दिसते. आणि टॅपेट नीट करूनही निम्म्या गतीची टकटक जात नसेल, तर हेड किती फेस केलंय, म्हणजे मशीनवर किती घासलंय, ते विचारा. व्हॉल्व पिस्टनला लागत असेल. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण सापडेल.

परत बांधल्यावर लगेच स्टार्ट करू नका. फिल्टर ऑइलने भरून लावा, डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून धरा आणि सेल्फ (स्टार्टर) थोडा थोडा मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये सेल्फला दोन मिनिटं थंड होऊ द्या. गेजचा काटा उचलला, मगच स्टॉप सोडा.