रडार डिटेक्टर घेताय? रेंज नको, बाण बघा

नमस्कार मंडळी! न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या नातेवाइकांकडे गाडीने निघालात आणि काचेवर रडार डिटेक्टर असेल, तर तो या खेपेला घरीच ठेवा. व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डीसीत तो वापरणं बेकायदा आहे. जड व्यावसायिक ट्रकांना तर अख्ख्या अमेरिकेत मनाई आहे.

आता हा डबा करतो काय? पोलिसांच्या रडारची लहर गाडीवर आपटून परत गेली, की त्यांना वेग कळतो. डिटेक्टरला फक्त जाणारी लहर पुरते, परतीची गरज नाही. म्हणून तो बराच आधी बोलतो. पण बरेच पोलीस रडार बंद ठेवतात आणि गाडी टप्प्यात आली की क्षणभर चालू करतात. तेव्हा तुमच्या पुढच्या गाडीवर मारलेली लहर तुमच्यापर्यंत आली, तरच आधी सूचना मिळते. रिकाम्या रस्त्यावर नाही.

खरी डोकेदुखी वेगळीच. पोलीस रडार ज्या लहरी वापरतात, त्यातला एक पट्टा म्हणजे के बँड, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि अनेक गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर तिथेच चालतात. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेसुद्धा! शेजारच्या लेनमधली एसयूव्ही तुमचा डिटेक्टर कोकलवत राहते. मग माणूस आवाज बंद करतो, आणि पैसे पाण्यात. पोलिसांचाच दुसरा पट्टा, केए बँड, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ, वाजला तर मात्र लगेच लक्ष द्या. तिथे खोट्या सूचना फार कमी.

म्हणून मी रेंजच्या आकड्यांवर भाळत नाही. उदाहरणार्थ, युनिडेन कंपनीचा आर३ बघा: एकच अँटेना, पण रेंज उत्तम, आणि जीपीएस असल्याने रोजच्या वाटेवरचे, तुम्ही एकदा नोंदवलेले दुकानांचे दरवाजे लक्षात ठेवून गप्प बसतो. त्यांच्याच आर८ मध्ये दोन अँटेना, त्यामुळे लहर पुढून येतेय की मागून, हे बाण दाखवतात. व्हॅलेंटाइन वन या दुसऱ्या डिटेक्टरने हे बाण १९९२ पासून दिलेत. त्याच्या जेन२ या नव्या आवृत्तीत स्वतःचं जीपीएस नाही, ते काम ब्लूटूथने जोडलेल्या फोनवरचं अ‍ॅप करतं. फोन जोडायचा कंटाळा नसेल तर तो घ्या, नाहीतर आर८. बाण एकदा वापरलेत ना, की त्यांच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं.

रडारऐवजी प्रकाशाच्या किरणाने वेग मोजणाऱ्या पोलिसांच्या लेझर गनबद्दल कोणाच्या जाहिरातीला भुलू नका. तिचा किरण ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. डिटेक्टरने 'लेझर' म्हटलं, तेव्हा बहुतेक वेळा तुमचा वेग मोजून झालेला असतो. तेव्हा करकचून ब्रेक मारू नका, मागून येणारा तुमच्यावर आदळेल. आणि पोलिसांचं रडार निकामी करणाऱ्या रडार जॅमरचं नावही काढू नका, तो देशभर बेकायदा आहे.

बसवताना आरशाजवळ, उंचावर लावा. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात काचेवर वस्तू चिकटवण्याचे नियम कडक आहेत, तिथे डॅशबोर्डवर ठेवा.