जागा भरत नाहीत, सरकतात

मित्रहो,

रॉक बँडमधला एखादा वादक गेला, की 'त्याची जागा अमुक घेणार' अशी बातमी हमखास येते. माझा आक्षेप त्यातल्या 'जागा' या शब्दाला आहे. चार माणसे वर्षानुवर्षे एकत्र वाजवत राहिली, की कोणी कुठे थांबायचे, कोणी कुठे पुढे यायचे आणि कोणाचा तोल कोणी सांभाळायचा, हे न बोलताच ठरत जाते. त्यातला एक गेला, की एक वाद्य कमी होते ही वरवरची गोष्ट झाली. उरलेल्या तिघांच्या सवयी ज्याच्या भरवशावर घडल्या होत्या, तो आधारच निघून जातो.

ब्लॅक सॅबथचे उदाहरण घेऊ. 1979 मध्ये या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्नला काढण्यात आले आणि रॉनी जेम्स डिओ आला. आता ऑझीच्या काळातले 'आयर्न मॅन' हे गाणे लक्ष देऊन ऐका. टोनी आयोमीची गिटार जी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, वाजवते, तिच्याच पावलावर पाऊल टाकत ऑझीचा आवाज चालतो. रिफ चढली की गळा चढतो, उतरली की उतरतो. अशा गाण्यांत रिफ सुचली म्हणजे चालही जवळपास सुचलीच. डिओला मात्र स्वतःची चाल हवी असे, आणि ती गिटारला छेद देऊन जाई. 1980 च्या 'हेवन अँड हेल' या अल्बमच्या शीर्षकगीतात कडवे सुरू होताच गिटार मागे सरते, गीझर बटलरचा बेस धडधडत राहतो आणि त्या मोकळ्या जागेत आवाज हवा तसा फिरतो. बदलला गायक आणि वेगळे वाजवू लागला गिटारवादक! शिवाय पूर्वी बहुतेक गीते बटलर लिहीत असे; डिओ स्वतःची गीते स्वतः लिहिणारा, त्यामुळे बेसवादकाच्या हातचे एक मोठे कामही गेले.

ड्रमर बदलला की हे आणखी उघडपणे कळते. 'द हू'मध्ये कीथ मून सरळ ठेका धरून कधी बसलाच नाही. तो गायकाच्या ओळींभोवती सतत काही ना काही भरत राही, जॉन एंटविसल बेसवर जवळजवळ मुख्य गिटारसारखे वाजवी, आणि लय पकडून ठेवण्याचे काम पीट टाउनशेंडच्या गिटारवर येऊन पडे. 1978 मध्ये मूनचे निधन झाले आणि केनी जोन्स आला. तो लयीला पक्का, शिस्तीचा ड्रमर. पण ड्रमने लय धरली, तेव्हा लय धरणारी ती गिटार थोडी रिकामी पडली. वादन अधिक नेटके झाले आणि, माझ्या मते, कमी धोकादायक. या बँडच्या बाबतीत ही तक्रारच समजावी.

फ्लीटवूड मॅकची कथा मात्र उलट्या दिशेची आहे. 1967 मध्ये पीटर ग्रीनच्या गिटारभोवती उभा राहिलेला हा ब्लूज बँड. 1974 च्या अखेरीस मिक फ्लीटवूडला गिटारवादक हवा होता. लिंडसे बकिंगहॅमने 'येईन, पण स्टीव्ही निक्ससह' अशी अट घातली. हवा होता एक वादक, आले दोन गीतकार. ड्रमवर फ्लीटवूड आणि बेसवर जॉन मॅकव्ही हे तेच राहिले, पण त्यांच्या त्याच संयमी ठेक्यावर आता आधीपासून बँडमध्ये असलेल्या क्रिस्टिन मॅकव्हीसह तिघे वेगवेगळ्या स्वभावाची गाणी आणू लागले. 1977 चा 'रूमर्स' हा अल्बम बनत असताना मॅकव्ही दांपत्य विभक्त झाले होते आणि बकिंगहॅम व निक्स यांचेही संबंध तुटले होते. ज्याच्यावर रागावून गाणे लिहिले, त्यानेच त्या गाण्याला साथीचा सूर द्यायचा, असे प्रसंग त्या ध्वनिमुद्रणात प्रत्यक्ष आले. ही धार भाड्याने आणलेल्या निष्णात वादकांकडून मिळाली नसती.

पुढे 1987 मध्ये बकिंगहॅम गेला, तेव्हा त्याच्या ठिकाणी दोन गिटारवादक घ्यावे लागले. तो पिक (तारा छेडायची चकती) न वापरता बोटांनी वाजवतो, अंगठ्याने खालचे स्वर आणि इतर बोटांनी चाल. वर गायन आणि गाण्यांची बांधणीही त्याचीच. 2018 मध्ये त्याला वगळले, तेव्हाही दोघेच आणावे लागले.

आता एकाच वर्षातले दोन मृत्यू पाहा. सप्टेंबर 1980 मध्ये लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरात बँडने थांबण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला होता, तरी जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनच्या आवाजात 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाहेर आला. एका बँडला दुःख अधिक आणि दुसऱ्याला कमी, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. झेपेलिनचा भार बॉनमच्या ड्रमवर होता; जिमी पेजची गिटार त्याच्याशी बोलत असे. एसी/डीसीचा भार माल्कम यंगच्या ऱ्हिदम गिटारवर, म्हणजे लय धरून ठेवणाऱ्या गिटारवर होता, जिच्याकडे प्रेक्षकांची नजरही क्वचितच जाई. 2016 च्या दौऱ्यात या बँडने अ‍ॅक्सल रोझला, म्हणजे दुसऱ्याच बँडच्या गायकाला, पुढे उभे केले. पण 2014 मध्ये आजारपणामुळे माल्कमला थांबावे लागले, तेव्हा ती गिटार दिली गेली त्याच्या पुतण्याच्या, स्टीव्ही यंगच्या हाती.