बारा रिकाम्या कुप्या

15 जानेवारी 2015 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने चार्ल्स वॉर्नर या कैद्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंडाची अंमलबजावणी केली. शवविच्छेदनाच्या वेळी मृतदेहासोबत आलेल्या सिरिंजांवर ‘पोटॅशियम क्लोराइड’ अशी चिठ्ठी होती. त्यांच्या शेजारच्या पांढऱ्या खोक्यात बारा रिकाम्या कुप्या होत्या आणि त्यांच्यावर छापले होते ‘पोटॅशियम ॲसिटेट’. नियमावलीत लिहिलेले औषध एक आणि माणसाच्या शिरेत सोडलेले दुसरे, ही गोष्ट जनतेला कळली ती ऑक्टोबर महिन्यात, तीही एका वृत्तपत्राने शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून छापला म्हणून.

त्याच्या आठवडाभर आधी, 30 सप्टेंबरला, रिचर्ड ग्लॉसिप या कैद्यासाठी आलेले औषधही ॲसिटेटच असल्याचे ऐनवेळी लक्षात आले होते. राज्यपाल मेरी फॅलिन यांनी ती अंमलबजावणी थांबवली. पुढे चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्युरीने (नागरिकांच्या चौकशी मंडळाने) आपल्या अहवालात स्पष्ट नमूद केले, की सहभागी व्यक्तींची नावे उघड होतील या अतिरेकी भीतीने तुरुंग खात्याची विवेकबुद्धी झाकोळली आणि खात्याने स्वतःचेच नियम मोडले.

वॉर्नरला अकरा महिन्यांच्या बालिकेवरील अत्याचार आणि तिच्या हत्येसाठी शिक्षा झाली होती. त्या गुन्ह्याचे क्रौर्य तसूभरही कमी लेखण्याचे कारण नाही. येथे प्रश्न आहे तो शासनाचा: लोकांच्या नावाने प्राण घेणाऱ्या शासनाने, ते कशाने घेतले, हे लोकांपासून लपवावे का?

विषारी इंजेक्शनच्या या पद्धतीचा कायदा सर्वप्रथम ओक्लाहोमातच, 1977 साली झाला आणि तिचा पहिला वापर टेक्सासमध्ये 7 डिसेंबर 1982 रोजी झाला. रूढ पद्धतीत तीन औषधे एकामागून एक दिली जातात. पहिल्याने भूल चढते, दुसऱ्याने सारे स्नायू लुळे पडतात आणि तिसऱ्याने, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडने, हृदय बंद पडते. यातील दुसरे औषध नीट समजून घेतले पाहिजे. भूल पुरेशी चढली नसेल, तरी स्नायू लुळे पडलेल्या माणसाला ना हात हलवता येतो, ना ओरडता येते, आणि काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांना तो शांत झोपल्यासारखाच दिसतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदावरूनच कळू शकते: औषध कोणते, बनवले कोणी, मुदत कधी संपते, तपासणी कोठे झाली. हा कागदच झाकला, तर पडताळणीचा मार्गच उरत नाही.

सोडियम थायोपेंटल हे भुलीचे औषध अमेरिकेत बनवणाऱ्या हॉस्पिरा या एकमेव कंपनीने जानेवारी 2011 मध्ये त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. टंचाई आधीपासूनच जाणवू लागली होती आणि राज्यांचे अधिकारी परदेशात पुरवठादार शोधू लागले होते. लंडनमध्ये मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या जागेतून चालणारा एक औषधविक्रेता त्यांना सापडला. नेब्रास्का आणि साउथ डकोटा या राज्यांनी तर थेट आपल्या मुंबईतील केयेम फार्मास्युटिकल्सकडून हे औषध विकत घेतले. हा व्यवहार उजेडात येऊन त्यावर टीका झाली, तेव्हा एप्रिल 2011 मध्ये कंपनीने, या कामासाठी आपण औषध विकणार नाही, असे जाहीर केले. माहिती उघड झाली म्हणूनच विकणाऱ्याला आपला माल कोठे चालला आहे याचा विचार करणे भाग पडले.

राज्यांनी यातून नेमका उलटा धडा घेतला. त्याच वर्षी ओक्लाहोमाने पुरवठादाराची ओळख गोपनीय ठरवणारा कायदा केला. 2013 मध्ये जॉर्जियाने अशा माहितीला चक्क ‘राज्याचे गुपित’ म्हटले. नावे फुटली तर पुरवठादारांना धमक्या येतील, औषध मिळेनासे होईल, असा राज्यांचा युक्तिवाद असतो. धमक्यांपासून संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. मात्र फायझरने 2016 मध्ये आपली औषधे या कामासाठी वापरू नयेत अशी भूमिका घेतली, तशी भूमिका घेणाऱ्या कंपन्यांनाही त्यांचीच कुपी तुरुंगात पोहोचल्याचे या पडद्यामुळे कळत नाही.

ॲरिझोनातील जोसेफ वूड या कैद्याने औषधाचा उत्पादक कोण, ते टोचणाऱ्यांची पात्रता काय, अशी माहिती मागितली होती. अपील न्यायालयाने ही माहिती मिळेपर्यंत अंमलबजावणीला स्थगिती दिली, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. दुसऱ्या दिवशी, 23 जुलै 2014 रोजी, त्याला एकामागून एक पंधरा वेळा औषध टोचण्यात आले आणि प्राण जायला जवळजवळ दोन तास लागले.

नेब्रास्काने 14 ऑगस्ट 2018 रोजी केरी डीन मूर याला मृत्युदंड दिला, तेव्हाही औषधे कोठून आली हे सांगण्यास राज्याने नकार दिला होता. वृत्तपत्रांनी न्यायालयात धाव घेतली. अखेर 2020 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कागदपत्रे खुली झाली आणि ती औषधे ओमाहा शहराजवळच्या एका छोट्या गावातील औषधालयाने विकली होती हे उघड झाले. तोवर मूरच्या मृत्यूला जवळपास दोन वर्षे होत आली होती.